टाचेजवळची वाकडी टीप

बूट काढायला वाकलो तो तसाच वाकलेला राहिलो. तोप्लित्साच्या घरी, म्हणजे माझ्या मेहुण्याकडे, त्यांच्या घरच्या संताचा दिवस होता. स्लावा. या दिवशी आमच्याकडे, नीशमध्ये, कुणी कुणाला बोलावत नाही; ज्याला यायचं तो येतो, दारात बूट काढतो, यजमानाने पुढे केलेल्या सपाता घालतो आणि आत जाऊन बसतो. दारामागच्या अरुंद बोळात बुटांची ही रांग लागली होती. लोक लोकांच्या तोंडाकडे बघतात, मी पायांकडे बघतो. सगळा जन्म चामड्यात गेला, दुसरं काही येत नाही. आणि त्या रांगेत माझ्या हातचा एकही जोड नव्हता. पाद्रीबाबांचा नाही, शाळेच्या मुख्याध्यापिकेचा नाही, ज्या शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात अख्ख्या वऱ्हाडाचे बूट मी शिवले त्याचाही नाही. सगळे चिनी. चकचकीत, हलके, रबराचा ओला वास मारणारे. आणि मग कडेला एक दिसला. बायकी, काळा, बाजूला पट्टा, बसकी टाच. माझाच! जीव भांड्यात पडला. कुणाचा म्हणून उचलला, तर हाताला वजनच लागेना, मेलेली चिमणी उचलावी तसं. चामडं नव्हतंच ते. पण टाचेजवळची टीप माझी होती. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं टोक बुटांच्या कारखान्यातल्या यंत्राने नेलं, तेव्हापासून टाचेच्या वळणावर माझी टीप दारुड्यासारखी डावीकडे झुकते आणि मग शुद्धीवर येऊन सरळ चालू लागते. ती चूक कुणीतरी इमानाने उचलली होती, दोन्ही बुटांवर, अगदी एकसारखी. माझ्या हातून तर ती कधी एकसारखी येत नाही.

"ठेव ना खाली," माझी बायको झागोर्का मागून म्हणाली. "माझा आहे तो."

मी तिच्याबरोबर पूल ओलांडून चालत आलो होतो, तिच्या डाव्या बाजूने, आणि मला कळलं नव्हतं. "कधी घेतलास?" मी विचारलं. "उन्हाळ्यात." "का?" तिने खांदे उडवले. "हलके आहेत." एवढंच. दुसरा नवरा असता तर त्याला हे बोलणं लागलं नसतं. मला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. आतून तोप्लित्सा ओरडला, "दाजी, बूट विकत घेताय का सगळ्यांचे? आत या, डुक्कर थंड होतंय!" आणि सगळे हसले. मी त्याने दिलेल्या सपाता पायात सरकवल्या. त्याही चिनीच होत्या.

जेवायला बसलो. माझं डोकं त्या बोळातच होतं. तो बूट चिन्यांकडे गेला कसा? माझा माल दुकानाबाहेर जातो तो गिऱ्हाइकाच्या पायात. आणि गिऱ्हाईक माझ्याकडे येतात त्या म्हाताऱ्या बायका, पाय सुजलेल्या, गुडघे गेलेल्या, ज्यांना दुसऱ्या कुठल्या बुटात उभं राहता येत नाही. त्यांतल्या कुणी जोड नेऊन चिन्यांना दिला? की कुणी रात्रीतून उचलला? पण माझं कुलूप कुणी फोडलेलं नाही. कुलूप न फोडता जे जातं ते घरचं माणूस नेतं. हा विचार आला आणि मी झागोर्काकडे बघितलं. ती तिच्या मैत्रिणीशी, विधवा सोफ्काशी, काहीतरी कुजबुजत होती. मी बघतोय म्हटल्यावर गप्प झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. संशय घेणाऱ्याच्या मनात तर दिवसाढवळ्या काळोख असतो, त्याला कुठलीही सावली पुरते.

तोप्लित्साने राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. हात खांद्यावर आला की तो काहीतरी मागणार हे मला लग्नापासून माहीत आहे. "दाजी, यागोदाला परत भेटलो मी. तिला तुमचं दुकान पाहिजेच. कोपऱ्यावरचं आहे ना." यागोदा म्हणजे समोरच्या पटांगणाजवळ जुन्या सरकारी बाजाराच्या इमारतीत दुकान थाटलेली चिनी बाई. तिचं खरं नाव कुणाला म्हणता आलं नाही म्हणून आम्ही तिला आमचं एक नाव दिलं, आणि तिने ते पाटीवर लिहून टाकलं. मी म्हटलं, "दुकान भाड्याने देऊन मी काय करू?" "काय करू म्हणजे? वर राहायचं, सपाता घालायच्या, टीव्ही बघायचा. तुमच्याकडे कुत्रं तरी येतं का आता?" "येतं. काल पाऊस होता, आलं होतं." तो हसला नाही. "तुमच्या संत निकोलाच्या दिवसापर्यंत विचार करा. मी तिला सांगून ठेवलंय, त्या दिवशी ये, पाहुण्यांसारखी ये, आमच्यात कुणी हाकलत नाही. काय ते तिथेच बोलून टाकू." "माझ्या घरात? माझ्या स्लावाला?" "दाजी, ती बंदूक घेऊन नाही येत. भाडं घेऊन येते." झागोर्का आपल्या ताटलीत बघत होती. तिला हे आधीच ठाऊक होतं. तिच्या मानेवरून मला कळतं.

चिन्यांनी आमचा कारखाना बुडवला, असं नीशमध्ये कुणालाही विचारा, सांगेल. त्या टेबलावरही तेच चाललं होतं. चिनी कर भरत नाहीत, चिनी पैसे गाद्यांत शिवून नेतात, चिन्यांपैकी कुणी मरतच नाही, पाहिलीय का कधी चिन्याची प्रेतयात्रा? मी ऐकत होतो आणि माझा अंगठा ठणकत होता, जे टोक नाहीच ते. खोटं आहे सगळं. चिनी आले तेव्हा कारखान्यात कबुतरं राहत होती. आमचा बुटांचा कारखाना आमच्याच माणसांनी खाल्ला: आधी साहेबाने, मग साहेबाच्या जावयाने, मग ज्याला विकला त्याने, आणि उरलेली यंत्रं भंगारात उचलून नेली ती या तोप्लित्साने. ज्या यंत्राने माझा अंगठा नेला तेसुद्धा त्याने किलोवर विकलं. त्या पैशांत बांधलेल्या गोदामात आज यागोदाचा माल उतरतो. सोफ्काने यागोदाची मुलगी सांभाळली, ती पोर शिकून बाहेरगावी जाईपर्यंत. त्या पगारात सोफ्काच्या पोराचं लग्न झालं. मुख्याध्यापिकेची भाची तिच्या गल्ल्यावर बसते. शेजाऱ्याचा ट्रक तिच्याच खेपा मारतो. निम्मी गल्ली तिचं खाते, तिचं घालते आणि संताच्या दिवशी तिच्याच नावाने बोटं मोडते. मी हे तिथे बोललो का? नाही. तोंडात त्याचं डुक्कर होतं. पण सगळे लबाड आहेत म्हणून ती सरळ आहे, असं थोडंच होतं? लबाडांच्या गावात येऊन जो सगळ्यांना पोसतो, त्याचा तर जास्तच संशय घ्यावा. फुकट कोण कुणाला उभं करतं?

काही दिवसांनी मी तिच्या दुकानात गेलो. इतकी वर्षं समोरून गेलो, आत पाऊल टाकलं नव्हतं. हे मी अभिमानाने सांगायचो, आता वाटतं कुणी विचारलंच नव्हतं. आत प्लास्टिकचा आणि डिंकाचा वास, छतापर्यंत बादल्या, पडदे, फुलं, देवांच्या तसबिरी. आमचा संत निकोलासुद्धा होता, सोनेरी चौकटीत, खाली वाढदिवसाच्या मेणबत्त्या. यागोदा खोक्यांच्या राशीमागे उभी होती. पन्नाशीची बाई, बिनबाह्यांचं जाड जाकीट, हातात गरम पाण्याचा थर्मास. तिच्यामागे एक स्टूल होतं, त्यावर मांजर झोपलं होतं. सिझनचे बूट भिंतीला लागून होते आणि त्यात माझा बूट. एक नाही, खालपासून वरपर्यंत. काळा, तपकिरी, एक तर लाल! माझ्या फर्म्यावरचा, पायाच्या लाकडी साच्यावरचा, बूट मी कधी लाल केला नव्हता. वाईट दिसत नव्हता. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

"काय पाहिजे, शेजारी?"

"बघतोय."

"बघायला पैसे नाही."

मी लाल बूट तिच्यापुढे धरला. "हा कुठून आला?"

"बुडापेस्ट."

"त्याच्या आधी?"

"जहाज."

"त्याच्या आधी?"

"कारखाना. त्याच्या आधी मला नाही माहीत." ती हसली. "तू पोलीस झाला?"

"ही टीप वाकडी आहे," मी म्हणालो. माझं बोट त्या जागेवर होतं, तुटका अंगठा शेजारी. तिने चष्मा लावला, बूट डोळ्यांजवळ नेला, मग बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे बघितलं. की मलाच तसं वाटलं? "हो, वाकडी," ती म्हणाली. "पण कुणी परत आणत नाही."

मी बाहेर आलो. हा माझा बूट आहे असं का म्हणालो नाही? म्हणालो असतो तर तिने काय केलं असतं? पण म्हणायचं तर ती वाकडी टीपही माझी, हे आलंच. आणि रस्त्यावर उभं राहून मी येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे पाय बघत राहिलो. बसथांब्यावर दोन, बेकरीत एक, चर्चच्या पायरीवर एक. आख्ख्या शहरात बायका माझ्या अंगठ्यावरून चालत होत्या आणि एकीलाही माहीत नव्हतं. मला राग यायला पाहिजे होता. आला. पण त्याच्या बुडाशी दुसरं काहीतरी होतं, गोडसर, लाजिरवाणं, चोरून खाल्लेल्या जॅमसारखं, आणि ते मी झागोर्कालाही सांगितलं नसतं.

झागोर्का दुपारची झाकलेलं पातेलं घेऊन जाते. सोफ्काकडे, म्हणते. आता मी ते पातेलं मोजू लागलो. सोफ्का एकटी, चिमणीएवढं खाणारी. एवढी भाजी कुणासाठी? मी दुकानात बसून काचेतून बघायचो. ती पटांगणापर्यंत जायची, मग फळवाल्याचा तंबू मध्ये यायचा, पुढे दिसायचं नाही. मी तंबूवर चिडायचो. उठून मागे जाणं मला सहज शक्य होतं, पण गेलो नाही, कारण गेलो असतो तर कळलं असतं. एके दुपारी असाच बसलो होतो, हातात फर्मा, छत्तीस नंबरचा, धूळ पुसत होतो. छत्तीस मला फारसा लागतच नाही. आमच्या बायका दणकट. शेवटचा छत्तीस मी कुणाला केला? आणि आठवलं. दोन हिवाळ्यांमागे झागोर्कानेच मागे लागून करून घेतला होता. काळा, बाजूला पट्टा. सोफ्काच्या सुनेला, म्हणाली होती. मी फर्मा खाली ठेवला. सोफ्काची सून हॅण्डबॉल खेळायची, तिचा पाय माझ्या पायाएवढा आहे.

आमच्या स्लावाच्या आदल्या दिवशी झागोर्का संताच्या गोल पावाचं पीठ मळत होती, कोपरापर्यंत पांढरी. मी दारात उभा राहिलो.

"तो छत्तीसचा जोड कुणाला गेला?"

"कुठला?"

"सोफ्काच्या सुनेचा. तिच्या पायात छत्तीस चढवायचा तर आधी पाय तासायला पाहिजे."

हात थांबले. "दोन वर्षांनी आठवलं तुला?"

"कुणाला विकलास?"

"विकला नाही."

"मग?"

"दिला."

"कुणाला, झागोर्का?"

"पाणी दे इकडे," ती म्हणाली. "आणि उद्या पाद्रीबाबांसमोर हे असलं तोंड करून उभा राहू नकोस. त्यांना वाटेल मढं आहे घरात."

मी पाणी दिलं. ती एक शब्द खोटा बोलली नव्हती आणि तिने काही सांगितलंही नव्हतं. ही कला ती कुठे शिकली? मला दिसत होतं सगळं: बूट तिने नेऊन दिला, त्यांनी उसवून नमुना काढला, लाखोंनी पाडला, गिऱ्हाईक गेलं, आता दुकान रिकामं, आणि रिकाम्या दुकानाचं भाडं ठरवायला तोप्लित्सा मध्ये. भावाबहिणीने मिळून मला माझ्याच बुटाने चिरडलं. इतकं नीट बसत होतं सगळं, फर्म्यावर चामडं बसतं तसं, सुरकुती नाही. माझ्या हातचं एवढं नीट काही बसत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

संत निकोलाचा दिवस उपासाच्या दिवसांत येतो, म्हणून मांस नाही; नदीतला मासा, भाजलेल्या घेवड्याची हंडी, तेलातली कोबीची गुंडाळी. मेणबत्ती लावली. पाद्रीबाबांनी संताचा पाव चिरला, त्यावर वाइन ओतली. या दिवशी यजमान बसत नाही. दिवसभर उभं राहून वाढायचं, ओतायचं, आलेल्याला घ्या म्हणायचं. आणि त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, सुई नाही, हातोडी नाही. माझ्या बापाने या दिवशी उलटा पडलेला खिळासुद्धा उचलला नव्हता. मी उभा होतो. बोळात बुटांची रांग लागली होती आणि मी तिकडे न बघण्याची शिकस्त करत होतो. तोप्लित्सा नव्या शर्टात आला होता, सारखं घड्याळ बघत होता. सोफ्का होती, मुख्याध्यापिका होती, ट्रकवाला शेजारी होता.

बेल वाजली. झागोर्का धावली. "मेइफांग! ये ग, ये, आत ये." सगळ्या गल्लीला जे नाव म्हणता येत नव्हतं ते माझ्या बायकोच्या तोंडातून असं आलं, जसं रोज पीठ मागायला येणाऱ्या शेजारणीचं. मी वाइनचा जग हातात घेऊन बोळाकडे वळलो. यागोदा दारात उभी होती, संत्र्यांची पिशवी, कॉफीचं पाकीट, लाल कागदात बाटली. तिने ते सगळं झागोर्काच्या हातात दिलं आणि बूट काढायला वाकली.

काळा. बाजूला पट्टा. छत्तीस. मला उचलायची गरज पडली नाही. तिने तो जमिनीवर ठेवला तेव्हा जो आवाज झाला तो चामड्याचा होता. टाच आतल्या बाजूने पार झिजली होती, बुटाचं तोंड घोट्यावर मऊ पडलं होतं. दोन हिवाळे रोज पायात असल्याशिवाय बूट असा होत नाही. बोळातल्या सगळ्या रांगेत माझा तेवढा एक होता.

तिने संताच्या नावाने ठेवलेल्या उकडलेल्या गव्हाचा चमचा घेतला, नीट, आधी मेणबत्तीकडे मान लववून. तिला कुणीतरी शिकवलं होतं. तोप्लित्सा उठून खुर्ची सरकवत म्हणाला, "बसा, यागोदाबाई, बसा! आज आपलं सगळं जुळवून टाकू. दाजी तयार आहेत."

"दाजीला विचारलंस का?" मी म्हणालो.

"काय जुळवणार?" ती म्हणाली. "मी दुकान बंद. उद्या सकाळी बस. मुलगी बुडापेस्टला, तिच्याकडे. इथे आता सगळे फोनवर घेतात." तिने सोफ्काकडे बघितलं. "सांगायला आले सगळ्यांना. इथे सगळे एका जागी भेटतात."

"बंद म्हणजे?" तोप्लित्साचा आवाज चिरकला. "आणि माझं गोदाम?"

"रिकामं."

मुख्याध्यापिकेने काटा खाली ठेवला. ट्रकवाल्याने आपल्या पेल्यात बघितलं. सोफ्का रडायला लागली, नाकातून, उघडपणे. जिच्या नावाने इतकी वर्षं बोटं मोडली ती चालली म्हटल्यावर एकेकाचं तोंड असं पडलं की पाद्रीबाबांनाही माशाचा काटा दातातून काढायचं भान राहिलं नाही. मी हा दिवस किती मागितला होता! आणि आता माझ्या समोर तो दिवस सपाता घालून बसला होता. दुकान वाचलं होतं. कुणासाठी, ते कळेना.

"तू बस, शेजारी," ती मला म्हणाली.

"आज यजमान बसत नाही."

"मी पण नाही बसत. रोज." तिने खाली पायांकडे बघितलं. "पाय सुजायचा. झागोर्का बघायची, रोज जेवण घेऊन यायची, बघायची. मग बूट आणला. लांब जायचं उद्या. टाच गेली. तू करतो?"

"आज?" सोफ्का नाक पुसत म्हणाली. "आज नाही करत ग, पाप लागतं."

मी जग टेबलावर ठेवला. झागोर्का माझ्याकडे बघत होती, आदल्या दिवशी पिठात हात घालून बघत होती तशीच. मी बोळात गेलो, तो जोड उचलला आणि खाली दुकानात उतरलो.

दिवा लावला, बूट मांडीवर घेतला आणि टाचेला हात लावायच्या आधी आतला तळ उचकटला. मला बघायचंच होतं. अस्तराखाली टाचेची टीप आतून उघडी पडली. ती कुणीतरी उसवली होती, अख्खी, आणि परत शिवली होती. माझ्याच भोकांतून, माझ्याच वाकड्या वाटेने, पण दोरा माझा नव्हता आणि हात माझा नव्हता; बारीक, घट्ट, प्रत्येक टाका दातांच्या रांगेसारखा. नमुना काढायला उसवली आणि परत जोडली? की ओल्या रस्त्यावर शिवण फाटली आणि तिने घरी बसून, दिवसभर उभं राहून आल्यावर, दुरुस्त केली? ज्याला असं शिवता येतं त्याला ती टीप सरळ करता आली असती. केली नव्हती. का? वाकडीच पाहिजे होती म्हणून, की ती वाकडी आहे हे माझं आहे असं समजून? मी बूट दिव्याखाली फिरवला. बूट काही बोलत नाही.

पायरी वाजली. ती दारात येऊन उभी राहिली, आमच्या घरच्या सपातांत, त्या तिला केवढ्या मोठ्या होत होत्या. माझे फर्मे बघितले, आरी बघितली, मग माझ्या मांडीवर उघडा पडलेला बूट बघितला. मी विचारलं तर ती सांगेल, हे मला तिच्याकडे बघून कळलं. आणि जे सांगेल ते खरं असेल. मी अस्तर परत बसवलं, नवी टाच कापली, चार खिळे तोंडात धरले आणि पहिला ठोकला. वर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग सगळं घर गप्प झालं. संताच्या दिवशी, मेणबत्ती जळत असताना, यजमानाच्या घरातून हातोडीचा आवाज. दुसरा. तिसरा. शेवटचा खिळा ओठांतून काढला असता तर तोंड विचारायला मोकळं झालं असतं. तो काढायच्या आधी मी डबीतून आणखी मूठभर खिळे घेतले आणि तोंडात घातले.